लिहिलेले आणि वाचावयाचे : मराठी ख्रिस्ती ग्रंथांच्या डिजिटल संग्रहांचे एक परीक्षण

ग्रंथपरीक्षण म्हटले म्हणजे एखादे नवे पुस्तक हाती घ्यावे, त्यातील मतांचा व भाषेचा परामर्श घ्यावा आणि पाळकांनी व प्रचारकांनी ते संग्रही ठेवावे की नाही हे सांगून मोकळे व्हावे, अशी या पानांवरील रीत आहे. या वेळी आम्ही जे परीक्षणास घेतले आहे ते पुस्तक नाही. पुस्तके ठेवण्याची ती जागा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमचे जुने मराठी वाङ्मय, आणि त्याबरोबर आमच्या मंडळ्यांचे वाङ्मयही, कागदावरून संगणकाच्या पडद्यावर येऊ लागले आहे. वाळवी, पाऊस आणि उत्तराधिकाऱ्यांची अनास्था या तिन्हींच्या तडाख्यातून जे वाचले ते आता एकाच वेळी पुण्यात, नागपुरात आणि परदेशात उघडता येते. याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु हे संग्रह कोणासाठी उघडे आहेत आणि कोणासाठी बंद, हा प्रश्न आम्ही आपण होऊन कधी विचारला नव्हता. तो आम्हांस सौंसरला विचारण्यात आला.

सौंसर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील गाव संत्र्यांच्या व कापसाच्या मुलखात आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, शाळेची बहुधा हिंदी. पण चुलीपाशी, शेतात आणि बाजारात मराठी, आणि तीही नागपुरी वळणाची. ख्रिस्ती कुटुंबांची स्थिती याहून थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. उत्तरेस छिंदवाडा, जेथे स्वीडिश मिशनऱ्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या लूथरन मंडळीचे मुख्य केंद्र आहे आणि जेथील उपासनेची भाषा प्रामुख्याने हिंदी. दक्षिणेस नागपूर, जेथे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले आणि जेथून मराठी पुस्तके येत राहिली. या दोहोंच्या मध्ये राहणारा मनुष्य हिंदीत प्रार्थना ऐकतो आणि मराठीत ती मनाशी म्हणतो.

तेथे आमचे एक वृद्ध प्रचारक स्नेही राहतात. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली. वाचनाची सवय मात्र गेली नाही. स्त्रियांच्या सभेत विधवांच्या प्रश्नावर बोलावयाचे म्हणून त्यांना बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ पुन्हा वाचावयाचे होते. १८५७ सालचे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते, आणि ते एका ख्रिस्ती लेखकाचे आहे याचा आम्ही सभांतून वारंवार उल्लेख करतो. नातवाने फोनवर शोध घेतला. एका संग्रहात जुनी प्रत सापडली. फोनमध्ये पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. आजोबांनी ती सुरू केली. फोन बोलला तो असा : बटन, नाव नाही. बटन, नाव नाही. चित्र. चित्र. चित्र. दोनशेच्या वर पाने, आणि प्रत्येक पान म्हणजे ‘चित्र’. आम्ही शेजारीच बसलो होतो. ते आम्हांला म्हणाले, “पाळकसाहेब, पुस्तक सापडलं म्हणता, मंग ते बोलत काऊन नाही?”

या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक आहे, आणि ते समजून घेतल्यावाचून पुढील टीका निराधार वाटेल. छापील पानाचा फोटो संगणकात ठेवला म्हणजे संगणकापुढे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक समूह असतो. डोळस वाचक त्यात अक्षरे पाहतो. यंत्र पाहत नाही. यंत्राने वाचावे असे वाटत असेल तर प्रत्येक अक्षर अक्षर म्हणून, आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोड या संकेतात, नोंदलेले असावे लागते. हे काम माणसाने टंकून करावे किंवा अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीकडून करवून घेऊन माणसाने तपासावे. ते न करता नुसती चित्रे ठेवणे म्हणजे ग्रंथाचे रूप जतन करणे होय. ग्रंथ वाचकाच्या हाती देणे हे निराळे काम आहे, आणि आमच्या बहुतेक संग्रहांनी पहिल्या कामालाच दुसऱ्याचे नाव दिले आहे.

आमच्या पूर्वसूरींनी असे केले नव्हते. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८१० साली मराठीचा कोश काढला तो मोडी अक्षरांचे खिळे पाडून. कारण ज्या वाचकासाठी तो होता त्याच्या हाताला मोडीचे वळण होते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. पंडिता रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ते केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून जुळविले व छापले गेले. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याच मुक्तिसदनात अंध स्त्रियांना ब्रेल शिकविले जात असे. मुंबईस याच अमेरिकन मिशनच्या कुमारी अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली अंधांची शाळा काढली. तेव्हा भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपीही ठरलेली नव्हती. भारती ब्रेल १९५१ साली मान्य झाली. त्यापूर्वीच्या शिक्षकांना लिपीपासून तयारी करावी लागे, आणि त्यांनी ती केली. खिळे पाडणारी, ठिपके टोचणारी ही परंपरा आता फोटो काढण्यावर येऊन थांबली आहे, असे आम्ही म्हटले तर ते कठोर वाटेल. पण ते खोटे नाही.

फोटो काढणाऱ्यांनाही न्याय दिला पाहिजे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रचंड उपक्रम चालला. ग्रंथालयांच्या कपाटांतून लाखो पुस्तके त्या निमित्ताने बाहेर आली, आणि पुढे त्यांतील बराच मोठा भाग ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या अमेरिकन संग्रहात गेल्यामुळे तो आजही मिळतो. तो उपक्रम झाला नसता तर आज आमच्यापाशी टीका करण्यापुरतेही काही नसते. पण त्याच्या सूचीत देवनागरी ग्रंथांची नावे रोमन अक्षरांत, आणि तीही मनास येईल तशा वर्णलेखनाने दिलेली आहेत. डोळस वाचक अंदाजाने शोधून काढतो. ज्याला ती नावे यंत्राच्या इंग्रजी उच्चारात ऐकावी लागतात त्याला आपल्याच भाषेतील पुस्तक परक्याच्या नावाने हुडकावे लागते. इंटरनेट आर्काइव्हने २०१० साली छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी दहा लाखांहून अधिक पुस्तके ध्वनिरूपात ऐकता येतील अशा स्वरूपात खुली केली. परंतु तेथील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीला भारतीय लिप्या येत नसत. २०२० मध्ये प्रणाली बदलल्यानंतर देवनागरी पुस्तकांनाही मजकूर मिळू लागला. म्हणजे दहा वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या अंध मनुष्याला जे दार उघडे होते ते मराठी वाचणाऱ्याला बंद होते, आणि आमच्यापैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

आता प्रणालीला देवनागरी येते, तेव्हा प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. येथूनच खरे पाहता आमच्या वाचकांना रस वाटावा असा भाग सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकातील मराठी छपाई आजच्यासारखी नाही. काही ग्रंथ शिळाप्रेसवर छापलेले, म्हणजे हस्ताक्षरच. काहींची जोडाक्षरे आज कोणी लिहीत नाही अशी. यंत्र ‘घ’ला ‘ध’ म्हणते, ‘भ’ला ‘म’. हे दोष तपासून काढता येतात. याहून सूक्ष्म अडचण आहे ती अनुस्वारांची. बाबा पदमनजींच्या पुस्तकाचे पूर्ण नावच पाहा : ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’. यातील ‘हिंदुस्थानांतील’ व ‘स्थितीचें’ यांवरील अनुस्वार लिहिले जात, पण कोणी उच्चारीत नसे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे जे नियम केले त्यांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. आमच्या पिढीतील ज्यांनी जुनी शास्त्राची प्रत वापरली आहे त्यांची जीभ ते अनुस्वार आपोआप गाळते. यंत्राची जीभ गाळत नाही. ते प्रत्येक ठिपक्याला नाकातून बोलते. त्यात केवळ कर्णकटुता असती तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरात, आणि ‘हृदयांत’ म्हणजे एका हृदयात. आजच्या कानाला तेच शब्द अनुस्वारासह ऐकू आले की ते अनेकवचनी होतात. एका माणसाच्या अंतःकरणास उद्देशून लिहिलेले वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत समुदायाला उद्देशून पोहोचते. प्रवचन तयार करणाऱ्या मनुष्याच्या हाती असा पाठ देणे धोक्याचे आहे, हे येथे निराळे सांगावयास नको.

मग संपादकाने काय करावे? जुने अनुस्वार पुसून टाकावेत, तर ग्रंथाचा ऐतिहासिक पुरावा नष्ट होतो, आणि कोणताही प्रामाणिक अभिलेखपाल त्याला संमती देणार नाही. ते तसेच ठेवावेत, तर कानाने वाचणारा फसतो. हा पेच नवा आहे असे संगणकाच्या जाणकारांना वाटते. आमच्या वाचकांना तसे वाटू नये. जुन्या कराराच्या हिब्रू पाठाचे जतन करणाऱ्या मासोरा परंपरेतील शास्त्र्यांपुढे अगदी हाच पेच होता. त्यांना परंपरेने आलेली व्यंजने बदलण्याचा अधिकार नव्हता, आणि सभास्थानात मोठ्याने वाचताना काही ठिकाणी निराळे वाचावयाचे असे. त्यांनी दोन्ही राखले. जे लिहिलेले ते ओळीत तसेच राहिले. जे वाचावयाचे ते समासात नोंदले गेले. त्यांना ‘केथीव’ आणि ‘केरे’ अशी नावे आहेत, हे धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्षातच शिकविले जाते. देवाच्या चार अक्षरी नामाच्या बाबतीत तर समासात नोंद करण्याचीही गरज उरली नाही. लिहिलेले एक आणि वाचावयाचे एक हे प्रत्येक वाचकाला ठाऊकच होते. पाठ जपावा आणि ऐकणाऱ्यालाही जपावे, या दोन निष्ठांत त्यांनी निवड केली नाही.

आमची या परीक्षणातील मुख्य सूचना एवढीच आहे की मराठी डिजिटल संग्रहांनी केथीव आणि केरे ही दोन्ही द्यावीत. पानाचे चित्र द्यावे, कारण ते साक्षीदार आहे. त्याखाली मूळ लेखनानुसार अक्षरशः पाठ द्यावा. आणि त्याच्या जोडीला, ज्याला तो हवा त्याच्यासाठी, १९६२ नंतरच्या लेखनानुसार वाचनपाठ द्यावा, ज्यात अनुच्चारित अनुस्वार नसतील. हे अशक्य नाही. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहात चित्र एका बाजूस व टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूस अशी मांडणी पूर्वीपासून आहे. एक मनुष्य मुद्रितशोधन करतो, दुसरा ते पडताळतो, आणि दोघांची तपासणी होईपर्यंत पान पूर्ण मानले जात नाही. तिसरा थर घालणे हे तंत्राचे काम थोडे आणि संपादनाचे अधिक आहे. संपादन हे आमचे क्षेत्र आहे.

सौंसरशी निगडित असा आणखी एक मुद्दा आहे, जो पुण्या-मुंबईच्या जाणकारांच्या ध्यानात सहसा येत नाही. मराठी व हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. पडद्यावरील मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे त्या पानाच्या रचनेत एका लहानशा खुणेने जाहीर करावे लागते. ती खूण नसली तर यंत्र फोनच्या मूळ भाषेत वाचू लागते. सौंसरच्या फोनची मूळ भाषा हिंदी असते. तेव्हा ‘ज्ञानोदय’ तेथे ‘ग्यानोदय’ होतो, ‘ळ’चा उच्चार काहीतरी भलताच होतो, आणि ‘चार’ व ‘चाक’ यांच्या ‘च’मधील फरक, जो मराठी मूल दुसऱ्या वर्षी शिकते, तो पार नाहीसा होतो. (हिंदी शाळेत शिकलेली आमची मुलेही ‘ग्यान’ म्हणू लागली आहेत ही निराळी कथा.) संकेतस्थळांच्या सुगमतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ज्यांची पहिली आवृत्ती १९९९ साली व अलीकडची २०२३ साली प्रसिद्ध झाली, त्यांत पानाची भाषा जाहीर करण्याची अट अगदी तळच्या पायरीवर ठेवलेली आहे; आणि एकाच पानात दुसरी भाषा आली तर तीही जाहीर करावी, ही अट दुसऱ्या पायरीवर. आमच्या भजनांच्या पुस्तकांत मराठी व हिंदी पदे शेजारी शेजारी असतात. प्रत्येक पदाला आपली भाषा सांगण्याचा हक्क आहे. सीमेवरच्या मनुष्याला हे चटकन पटते, कारण त्याला स्वतःलाही ती रोज सांगावी लागते.

जुन्या संगणकीय टंकांचेही असेच. युनिकोड सर्वत्र येण्यापूर्वी आमच्या अनेक संस्थांनी आपली पत्रके व वार्षिक अहवाल ज्या फॉन्टांत जुळविले, त्यांत दिसावयास देवनागरी असे, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असत. तो मजकूर यंत्र वाचू लागले की निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतात. सौंसरच्या लोकांना उपमा देऊन सांगावयाचे तर, नागपूर-छिंदवाडा अरुंद रुळांची गाडी २०१५ च्या अखेरीस बंद होईपर्यंत इतवारीला माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे, तसे हे आहे. रूळ निराळे, माल हातानेच हलवावा लागणार. आमच्या स्वतःच्या विद्यालयाच्या जुन्या अंकांचीही हीच अवस्था आहे. काही अंक चित्रे म्हणून ठेवले आहेत, काही अशा जुन्या टंकात. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाविषयी लिहिताना हे लपविणे योग्य झाले नसते.

आतापर्यंत आम्ही दृष्टीविषयीच बोललो. ऐकू न येणाऱ्यांचा विचार संग्रहांत त्याहूनही कमी होतो, कारण ते पान पाहू शकतात, मग त्यांचे काय अडते, असे गृहीत धरले जाते. परंतु संग्रहांत ध्वनिमुद्रणेही येऊ लागली आहेत : जुन्या उपदेशकांची प्रवचने, कीर्तने, भजनांच्या चाली. सोबत लिखित पाठ नसेल तर ती त्यांच्यासाठी चित्रांइतकीच मुकी आहेत. या बाबतीत एक जुना प्रकल्प आम्हांस अनपेक्षितपणे अनुकरणीय वाटतो. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ सालचा, मराठीला वाहिलेला असून त्यात वऱ्हाडी-नागपुरी बोलींचीही नोंद आहे. सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचा दृष्टान्त त्या त्या बोलीत लिहून घेतला होता. पुढे १९२९ पर्यंतच्या वर्षांत अनेक भारतीय भाषांतील नमुन्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही केल्या गेल्या, आणि आज त्या शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून ऐकता येतात. लूक १५ मधला तो बाप अशा रीतीने कागदावरही बोलतो आणि तबकडीवरही. कोणाच्या सोयीसाठी म्हणून हे केलेले नव्हते. शास्त्रीय नोंदीची शिस्त म्हणून केले. पण जेथे दोन्ही आहेत तेथे बहिरा मनुष्य एक घेतो, अंध दुसरे घेतो, आणि दोघांना एकच गोष्ट मिळते.

हाताने उंदीर चालविता न येणाऱ्यांसाठी सर्व काही कळफलकावरून करता यावे; मंद दृष्टीच्या वाचकासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे प्रमाण असावे, फिक्या करड्यावर पांढरे नसावे; आपण यंत्र नसून मनुष्य आहोत हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास सांगू नये. ही यादी जाणकारांकडून पूर्ण घेता येईल.

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला खर्चाचा. चांगले स्क्रीन रीडर महाग असतात हे एके काळी खरे होते. २००६ पासून एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. ती ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांनी सुरू केली, आणि ती मराठीही वाचते. संग्रहाच्या बाजूने खर्च आहे तो श्रमांचा, आणि श्रम करणारी माणसे मंडळीत आहेत. दुसरा आक्षेप लेखाधिकाराचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ मुक्त होतो. बाबा पदमनजी १९०६ साली, रेव्हरंड टिळक १९१९ साली, लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. यापलीकडे २०१२ सालच्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुगम प्रत करण्यास कायद्यानेच मोकळीक दिली आहे, आणि याच हेतूच्या मर्राकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा त्याच वर्षीचा; आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला.

तिसरा आक्षेप संख्येचा, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक खटकतो. असे वाचक किती असणार, असे विचारले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत दृष्टीच्या अपंगत्वाच्या सुमारे ५० लाख. पण समजा सौंसर तालुक्यात असा वाचक एकच आहे. लेवीय १९:१४ मध्ये अंधापुढे अडखळण ठेवू नये आणि बहिऱ्याला शाप देऊ नये अशी आज्ञा आहे, आणि तेथे संख्येचा उल्लेख नाही. या वचनाचे एक वैशिष्ट्य भाष्यकारांनी हेरले आहे : शाप बहिऱ्याला ऐकू येणार नाही, अडखळण अंधाला दिसणार नाही, ज्याच्यावर अन्याय होतो त्याला तो कोणी केला हे कळतही नाही, आणि म्हणून तेथे देवाचे भय धरण्यास सांगितले आहे. ‘चित्र, चित्र, चित्र’ असे फोन म्हणत असताना आमच्या वृद्ध स्नेह्यांची समजूत अशी झाली होती की आपल्यालाच फोन वापरता येत नाही. दोष आपला आहे असे त्यांना वाटले. ही ती अडखळण.

आमच्या व्यासपीठांवरूनही या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. मार्क २ मधल्या पक्षाघाती मनुष्याविषयी बोलताना आपण त्या चौघांच्या विश्वासाची थोरवी गातो, ती योग्यच आहे. पण ते छपरावर चढले याचे कारण दारात गर्दी होती, आणि ती गर्दी उपदेश ऐकणाऱ्यांची होती. मार्क १० मध्ये बार्तीमयाला गप्प बसविणारे लोक येशूच्या मागे चालणारेच होते. आणि प्रभूने त्याला बोलावून आधी विचारले की तुझी इच्छा काय आहे. त्याची इच्छा उघड नव्हती काय? तरी विचारले. आमच्या पाहण्यातील बहुतेक संग्रहांच्या रचनेत एकाही अंध वा बहिऱ्या वाचकाला असे विचारलेले नाही. तज्ज्ञांनी निकषांची यादी पडताळली की काम झाले असे समजले जाते. यादी आवश्यक आहे. परंतु ‘हृदयांत’वरचा अनुस्वार अर्थ बदलतो ही गोष्ट कोणत्याच यादीत नाही. ती आम्हांस ऐकणाऱ्याने सांगितली.

प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो हबशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत होता, आणि फिलिप्पाला ते ऐकू आले. कारण त्या काळी वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे होते. नहेम्या ८ मध्ये नियमशास्त्र पाणीवेशीपुढील चौकात स्पष्टपणे वाचले गेले, ते ऐकून समजू शकतील अशा सर्वांसमोर. शास्त्राचा इतिहास हा बहुतांशी कानांचा इतिहास आहे. डोळ्यांनी मुकाट वाचणारा वाचक त्यात उशिरा आला. डिजिटल संग्रहांनी त्याच एका उशिरा आलेल्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून सर्व इमारत बांधली, ही आमची तक्रार आहे.

सौंसरचे काम पुढे कसे गेले ते सांगितले पाहिजे. नातवाने व त्याच्या एका मैत्रिणीने सुट्टीत ‘यमुनापर्यटना’ची पहिली काही प्रकरणे यंत्राकडून ओळखवून घेतली, एकमेकांची पाने तपासली, आणि आमच्या सांगण्यावरून वाचनपाठ वेगळा केला. मराठीची खूण घातली. मग आजोबांनी ऐकावयास सुरुवात केली. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला आणि मागे घ्यावयास सांगितले. दोघांच्याही नजरेतून एक ‘ध’ सुटला होता. ‘घर’ असावयास हवे तेथे फोन ‘धर’ म्हणाला होता. नातवाने दुरुस्ती केली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आजोबांनी आणखी नऊ चुका काढल्या, आणि आता ती मुले प्रत्येक प्रकरण आधी त्यांना ऐकवितात आणि मगच पुरे झाले म्हणतात.